सिगारेटवर पूर्ण बंदी नको, पण सुटी सिगारेट आधी बंद करा

तुमचा प्रश्न असा आहे: धूम्रपानावर सरसकट बंदी घालावी, की आहेत ते नियम आणखी कडक करावेत, आणि गोव्यासारख्या पर्यटनावर जगणाऱ्या राज्यात हे जमेल का?

सरसकट बंदीला माझा विरोध आहे. पण आहे तेवढा कायदा पुरे, असंही मी म्हणणार नाही. फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष ओढणाऱ्या मोठ्या माणसांपेक्षा ओढायला शिकणाऱ्या पोरांकडे जास्त असतं. त्यांच्यासाठी काय करावं, एवढंच विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: सुटी सिगारेट विकणं बंद करा, आणि ते बंदच राहावं म्हणून विकणाऱ्याला परवाना सक्तीचा करा.

शाळा सुटल्यावर कुठल्याही नाक्यावरच्या गाड्यापाशी पाच मिनिटं उभे राहा. पाकिटं वरच्या फळीवर मांडलेली असतात, पण तिथलं पाकीट सहसा खाली येत नाही. गल्ल्याशेजारी एक उघडं पाकीट असतं, त्यातून एक सिगारेट निघते आणि गिऱ्हाइकाच्या हातात जाते. लायटर सुतळीने खांबाला बांधलेला. बाजूच्या बरणीत पेपरमिंटच्या गोळ्या, घरी जाण्याआधी तोंडाचा वास मारायला. दोघा-तिघांत मिळून एक घेणारी नववी-दहावीची मुलं मी पाहिली आहेत.

आता यात कायद्याचं काय होतं बघा. 1 एप्रिल 2016 पासून पाकिटाच्या दोन्ही दर्शनी बाजूंचा 85 टक्के भाग धोक्याच्या चित्राने व्यापलेला असतो. हे चित्र इतकं मोठं करून घ्यायला या देशात वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्या मुलाला ते दिसतच नाही, कारण पाकीट त्याच्या हातात येतच नाही. दुसरं हत्यार कराचं. कर वाढला की पाकीट चांगलंच महाग होतं आणि पुरं पाकीट घेणारा विचारात पडतो, पण एकेक घेणाऱ्याला रुपया-दोन रुपयांची वाढ जाणवत नाही. सरकारची दोन्ही हत्यारं त्या उघड्या पाकिटापाशी बोथट होतात.

2003 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, आणि शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आतही विकता येत नाही. मोडल्यास दंड दोनशे रुपयांपर्यंत. तो गल्ल्यातून काढून दिला की विक्री पुन्हा सुरू. याउलट आपल्या गोव्यात अगदी दोन बाकड्यांचा बार चालवायचा तरी अबकारी खात्याचा परवाना लागतो, त्याचं नूतनीकरण करावं लागतं, आणि तो गेला तर धंदा गेला, हे बारवाल्याला पक्कं ठाऊक असतं. सिगारेटचा तसा परवाना मी आजवर एकाही गाड्यावर पाहिलेला नाही. दारू इतक्या सहज मिळणाऱ्या राज्यात दारूवर जेवढी देखरेख आहे तेवढी तरी तंबाखूवर असावी, यात जास्त काय मागितलं?

सुट्या विक्रीवर महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आणली. कर्नाटकानेही ती आणली, शिवाय तंबाखू घेण्याचं किमान वय 21 केलं आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा दंड हजारावर नेला. पण बांद्याला किंवा कोल्हापूरला उतरून टपरीवर एक सिगारेट मागा, मिळेल. म्हणूनच नुसता आदेश पुरत नाही, त्याला परवान्याची जोड हवी, असं मी म्हणतो.

मग पूर्ण बंदीच का नको? गोव्याने गुटख्यावर 2005 मध्येच बंदी घातली, महाराष्ट्राच्या सात वर्षं आधी. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि मिसळायचं काम खाणाऱ्याच्या तळहातावर. ई-सिगारेटवर 2019 पासून देशभर बंदी आहे, तरी ती मुलांच्या दप्तरांत सापडते. भूतानने 2004 मध्ये तंबाखूविक्री बंद केली. माल सीमेवरून चोरून येतच राहिला आणि शेवटी 2021 मध्ये ती बंदी उठवावी लागली. पत्रादेवी आणि दोडामार्गच्या बाजूने रोज किती गाड्या गोव्यात शिरतात हे माहीत असलेल्या माणसाला यापेक्षा वेगळं काही होईल असं वाटणार नाही. शिवाय निपाणी भागात तंबाखूवर आणि विडीवर पिढ्यान् पिढ्या जगणारी कुटुंबं आहेत. एका फटक्यात बंदी आली तर पहिला घाव विड्या वळणाऱ्या बायकांच्या पोटावर बसेल, कंपन्यांच्या मालकांवर नाही.

आणखी एक कारण घरातलं आहे. माझे मामा आयुष्यभर विडी ओढायचे. शेवटी घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, आणि ते लावलेलं असतानासुद्धा विडीसाठी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. नळी काढून मागच्या पडवीत जायचे. ओरडून, रडून, पाया पडून झालं होतं. अशा माणसाला कायद्याने गुन्हेगार ठरवून कोणाचं भलं होणार? त्याला औषध हवं, समुपदेशन हवं, आणि तेही तालुक्याच्या आरोग्य केंद्रात, हाताशी. (सोडायचं असेल त्यांनी 1800-11-2356 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर जरूर फोन करावा.)

नियमांनी काही होत नाही म्हणणाऱ्यांना मी गोव्याच्या सरकारी कदंब बसची आठवण करून देतो. पूर्वी बसमध्ये खिडकीशी बसून विडी ओढणारा माणूस नवा नव्हता. गोव्याने 1997 मध्येच सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला, केंद्राच्या सहा वर्षं आधी. 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर आणखी कडक नियम आले. आज बसमध्ये कोणी पेटवली तर कंडक्टरच्या आधी प्रवासीच ओरडतात.

त्या कामामागे इथलेच डॉक्टर होते. कर्करोगतज्ज्ञ डॉ. शरद वैद्य आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या शाळकरी मुलांची पाहणी केली होती. सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेलं क्रिकेट बघितल्यावर मुलं तंबाखू चाखून बघायला प्रवृत्त होतात, असं त्यातून दिसलं आणि 1996 मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. आज सिगारेटचं नाव मैदानावर नाही, पण पानमसाल्याच्या कंपन्या त्याच नावाने वेलचीच्या जाहिराती करतात आणि पोरं त्या तोंडपाठ म्हणतात. हेही थांबायला हवं.

याचं फळ आकड्यांतही दिसतं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण देशात सर्वांत कमी गोव्यात निघालं, 9.7 टक्के. देशाचा आकडा 28.6 होता. पण मला त्यात समाधान वाटत नाही, कारण 2009-10 च्या पाहणीत गोवा 8.8 वर होता. त्या काळात देश 34.6 वरून खाली आला आणि आपण थोडे का होईना, वर गेलो.

राहिला पर्यटनाचा मुद्दा. मालदीव आपल्याहून कितीतरी जास्त पर्यटनावर अवलंबून आहे. तिथे 1 नोव्हेंबर 2025 पासून 2007 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकायला आणि ओढायला बंदी आहे, पाहुण्यांनासुद्धा. न्यूझीलंडने असाच कायदा करून 2024 मध्ये मागे घेतला, त्यामुळे मालदीवचा टिकेल का हे बघावं लागेल. मी गोव्यासाठी एवढंही मागत नाही. आजच्या नियमांत तीस खोल्यांच्या हॉटेलला आणि तीस आसनांच्या रेस्टॉरंटला धूम्रपानाची वेगळी जागा ठेवता येते, ती सवलत काढावी. पाहुणा तासाभरात उठून जातो, पण वाढपी म्हणून उभी असलेली आमचीच पोरं रोज पाळीभर तो धूर घेतात.

आमच्या शाळेजवळच्या गाड्यावरच्या बाईंशी मी यावर बोललो आहे. त्या म्हणाल्या, "सर, हांवें दवरली ना जाल्यार गिरायक फुडल्या गाड्यार वता." (मी सिगारेट ठेवली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या गाड्यावर जातं.) बरोबर आहे त्यांचं. एकटीने ती विकणं सोडलं तर त्यांचा चहाचा धंदाही बुडेल. नियम पुढच्या गाड्यालाही तितकाच लागू असेल, तर त्यांचं काहीच जात नाही. त्यामुळे तुम्ही गोव्यातले असाल तर येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा: शाळेच्या फाटकापासून 91 मीटर टेप लावून मोजायचे आणि तिथे ठळक फलक लावायचा, आणि गाड्याला ना-हरकत दाखला देताना सुटी सिगारेट विकणार नाही अशी अट त्यात घालायची.