कोथरूडच्या फ्लॅटसाठी गृहकर्ज घ्यायचंय. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट ऑनलाइन पाहिला तर स्कोअर कमी होईल का?

नाही, स्वतःचा रिपोर्ट कितीही वेळा पाहा, स्कोअर एका अंकानेही घसरत नाही. कर्जाच्या अर्जावरून बँक करते ती चौकशी वेगळी. पुण्यात गृहकर्जाच्या फायली करतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ पासून सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, थेट त्यांच्याच साइटवर. पॅन आणि ओटीपीसाठी मोबाइल हाताशी ठेवा. आकड्यापेक्षा खात्यांची यादी नीट वाचा: पूर्ण फेडलेल्या कार्डापुढे ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ (म्हणजे थकबाकी पूर्ण न भरता तडजोड) दिसलं तर तिथेच ऑनलाइन तक्रार टाका. मात्र दुरुस्तीला ३० दिवस लागू शकतात, म्हणून टोकन देण्याआधीच पाहून घ्या.