गिझर दहा मिनिटांत ट्रिप होतोय? कॉइल बदलायच्या आधी हे बघा

तुम्ही म्हणताय गिझर आठ-दहा मिनिटं नीट चालतो, मग ट्रिप होतो, आणि इलेक्ट्रिशियन न उघडताच कॉइल बदला म्हणतोय. जरा थांबा. आधी बघा नक्की पडतंय काय, एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा खटका) की टेस्टचं बटण असलेली आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पडणारा खटका), कारण दोन्हींचं दुखणं वेगळं.

एमसीबी पडत असेल तर कॉइलवर लगेच संशय नको. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जेमतेम ९ अँपिअर ओढतो, १६ अँपिअरची एमसीबी त्याने पडायला नको, पण तिचा स्क्रू ढिला असला की वायर तिथेच तापते, ती उष्णता एमसीबीच्या आतल्या, तापली की खटका पाडणाऱ्या पट्टीला लागते आणि जादा लोड नसतानाही थोड्या वेळाने एमसीबी पडते. मेन बंद करून (मेनला येणारी वायर तरीही जिवंत असते, विसरू नका) वायरचं टोक तपकिरी, कडक झालंय का बघा. प्लगच्या पिना काळ्या असतील तर सॉकेटही बदला, जुनं सॉकेट नव्या पिनाही जाळतं.

आरसीसीबी पडत असेल तर मात्र करंट अर्थिंगला जातोय, आणि मग बहुधा कॉइलच. तिची तार नळीत असते, भोवती पांढरी पावडर. क्षार बसून नळीला बारीक भोक पडलं की पावडर ओल धरते, लीकेज ३० मिलीअँपिअरच्या आसपास गेला की खटका पडला. मल्टीमीटरवर कॉइलच्या दोन टोकांत २६ ओहम आले म्हणजे कॉइल चांगली असं बरेच जण धरून चालतात, ते अर्धंच खरं. वायरी सोडवून एक प्रोब टोकाला, दुसरा बॉडीला लावा, काहीही रीडिंग आलं की कॉइल गेली. नाही आलं तरी निश्चिंत होऊ नका, मीटरचा व्होल्टेज फार कमी असतो, बारीक लीकेज मेगरवरच (जास्त व्होल्टेज लावून गळती तपासणारा मीटर) दिसतो. मेगर नसेल तर कॉइलच्या दोन्ही वायरी काढून टोकं टेप करून चालू करायचं, आता ट्रिप झालं नाही तर दोष कॉइलचाच. हे सगळं इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून.

कोणी अर्थिंगची वायर काढून टाका म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. ट्रिप थांबेल हो, पण तो करंट मग अंघोळ करणाऱ्याच्या अंगातून जाईल.

कॉइल बदललीच तर गास्केट नवीन घाला, टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय का तेही त्याच वेळी बघा, आणि गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्याशिवाय बटण दाबू नका, रिकाम्या टाकीत नवी कॉइल लगेच जळते.