दहावा खंड वाचून झाल्यावर

प्रिय मुली,

'हनी अँड क्लोव्हर' या जपानी चित्रकथा-मालिकेचा (मांगाचा) शेवटचा, दहावा खंड संपवून तू चिडून लिहिलंस, की तिचा नायक ताकेमोतोच्या पदरात काहीच पडलं नाही. आणि लगेच पुढच्या ओळीत वर्गातल्या मैत्रिणीबद्दल: ती हागूसारखी चित्रं काढते आणि मी ताकेमोतो. मला तुझी ही दोन्ही दुखणी एकच वाटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टोकियोतल्या कला महाविद्यालयात वास्तुरचना शिकणारा ताकेमोतो पहिल्यापासून दोन अफाट माणसांच्या मधे सापडलेला आहे. हागू कॅनव्हाससमोर बसली की तिला जगाचं भान राहत नाही. मोरिता हसतखेळत काहीही घडवतो. ताकेमोतोला मात्र आपल्याला काय करायचंय हेच उमगत नाही. पदवीच्या प्रकल्पासाठी रचलेला मनोरा तो स्वतःच्या हातांनी मोडतो. मग एक दिवस सायकलवर टांग टाकून उत्तरेकडे सुटतो, तो थेट होक्काइदोच्या टोकाला, सोया भूशिरापर्यंत. वाटेत त्याला जुन्या देवळांची डागडुजी करणारे कारागीर भेटतात, आणि दहाव्या खंडात शिक्षण संपवून तो त्यांच्याकडेच कामाला निघतो.

अगं, याला 'काहीच नाही' कसं म्हणतेस? ते काम काय असतं ते बघ. जपानमधली जुनी देवळं लाकडाची. मोठी दुरुस्ती निघाली की ती सांध्यासांध्याने उकलतात, कुजलेला भाग तेवढा कापतात, तिथे नवं लाकूड जुन्याशी बेमालूम सांधतात आणि देऊळ पुन्हा उभं करतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या सुताराने काय विचार केला असेल तो ओळखावा लागतो, आणि आपला हात त्याच्या हाताशी जुळवून घ्यावा लागतो. आपलीच छाप पाडायची घाई असलेल्या माणसाचं हे काम नाही. मोरिताला ते जमलं नसतं असं मला मनापासून वाटतं. ताकेमोतोचा जो स्वभाव तो स्वतः कमीपणाचा मानत होता, त्याचीच इथे गरज आहे.

आता हागू. वरून कोसळलेल्या काचेने तिचा उजवा हात जायबंदी होतो, बोटांतली जाणीव जाते. मोरिता तिला म्हणतो, नाही काढलीस चित्रं तरी चालेल, माझ्याजवळ राहा. प्रेमाने दिलेली ती सुट्टी ती नाकारते. तिला चित्रंच काढायची आहेत, आणि हात परत मिळवण्याच्या त्या लांबलचक, कंटाळवाण्या उपचारांत सोबतीला ती शूजीला मागते. शूजी तिच्या वडिलांचा चुलतभाऊ, तिचा सांभाळ करणारा. ही निवड बऱ्याच वाचकांना खटकली. मलाही खटकते, आणि लेखिका-चित्रकार चिका उमिनोने ते नातं धूसर ठेवलं म्हणून जास्तच खटकते. पण एक गोष्ट नीट बघ: तुझी मैत्रीण ज्या हागूसारखी आहे असं तू म्हणतेस, त्या हागूला शेवटच्या खंडात पेन्सिल धरायलाही नव्याने शिकावं लागणार आहे. देणगी मिळाली म्हणून तिचे कष्ट कुणी माफ केलेले नाहीत.

उमिनोचेही कष्ट कुणी माफ केलेले नाहीत. ही मालिका 2000 साली एका मासिकात सुरू झाली, ते बंद पडलं. दुसरीकडे गेली, 2003 मध्ये कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचा मांगा-पुरस्कार मिळाला, पण 2005 मध्ये तेही मासिक बंद झालं. मग तिसऱ्या मासिकात 2006 साली तिने ती पूर्ण केली. तू मात्र पहिल्या नकारानंतर तुझी चित्रकथा अकराव्या पानावर सोडून दिलीस. हे रागावून लिहीत नाहीये, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एक काम कर. शेवटच्या निरोपाची पानं पुन्हा उघड. ताकेमोतो गाडीत बसलाय, हागूने दिलेला डबा उघडतो. पावाच्या कापांचा जाड थर, आत मध, आणि प्रत्येक कापात चार पानांचं क्लोव्हर (एरवी तीनच पानं असणारं, गवतात उगवणारं रोप; चार पानांचं क्वचितच सापडतं). ते एकेक शोधायला गवतात किती वेळ वाकून बसावं लागलं असेल, हे उमिनो कुठेही सांगत नाही. ताकेमोतोला कळतं आणि तो रडत रडत खातो. सगळ्या मजकुरावर कागदाचे कपटे ठेव आणि नुसती चित्रं बघ. नंतर चित्रं झाकून नुसता मजकूर वाच. त्याच्या मनातले शब्द संवादाच्या फुग्यात नाहीत, मोकळ्या जागेत सुटे ठेवलेत. ती मोकळी जागा किती आहे ते पट्टी लावून मोज. तुझ्या पानांवर श्वास घ्यायला जागा नसते, कारण आपल्याला किती येतं ते तू प्रत्येक चौकटीत दाखवत असतेस. मैत्रिणीशी चाललेली तुझी स्पर्धा तिथे दिसते.

शेवटचं सत्र सुरू होण्याआधी महिनाभर कुणाच्या तरी कारखान्यात जा. बुक-बाइंडर, मूर्तिकार, साइनबोर्ड रंगवणारा, कुणीही चालेल. पडेल ते काम कर आणि त्या माणसांचे हात रेखाट. मैत्रिणीला ती चित्रं दाखवू नकोस, निदान एवढ्यात तरी. मला दाखव.

आणि ते बारावं पान काढ. वाईट निघालं तरी तसंच पाठव, दिवाळीच्या आत.

तुझी,
ताई