वाचकांचे प्रश्न : महागडे श्वानखाद्य घ्यावे का?

प्रश्न : आमची राणी ही चार वर्षांची देशी कुत्री असून तिची नसबंदी झालेली आहे. गेल्या वर्षी तिचे वजन दहा किलो होते, ते आता बारा झाले आहे. तिला २८० रुपये किलोचे कोरडे खाद्य देतो, शिवाय माझे सासरे रोज संध्याकाळी दोन पोळ्या दुधात कुस्करून तिला भरवतात. ७०० रुपये किलोचे ‘प्रीमियम’, धान्यविरहित खाद्य सुरू करावे, असा मुलाचा आग्रह आहे. घरखर्च बेताचा आहे. एवढे जादा पैसे मोजून राणीला खरोखर फायदा होईल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आपण किलोच्या भावाने तुलना करत आहात, ती दिवसाच्या खर्चाने करावी, कारण सर्व खाद्यांत सारखी ऊर्जा नसते. दहा किलो हेच राणीचे योग्य वजन धरले, तर नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्रीला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी पुरतात. स्वस्त खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३२० किलोकॅलरी असतील, तर तिला सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे ५५ रुपयांचे खाद्य लागेल. महाग खाद्यात ४०० असतील, तर १६० ग्रॅमच्या आत भागेल आणि खर्च ११० रुपये येईल. किलोमागे अडीच पट वाटणारा फरक ताटलीत दुप्पट भरतो. महिन्याला साडेसोळाशे रुपये जास्त, हा तरीही लहान आकडा नव्हे. ऊर्जेचा आकडा पिशवीवर नसेल, तर कंपनीला विचारावा, आणि जी कंपनी तो सांगत नाही तिचे खाद्य घेऊ नये.

‘प्रीमियम’ या शब्दाला कायद्याची ठरावीक व्याख्या नाही. त्याऐवजी प्रौढ कुत्र्यासाठी हे ‘संपूर्ण व संतुलित’ खाद्य आहे, असे स्पष्ट विधान पिशवीवर आहे का, ते पाहावे. अमेरिकेतील ‘आफ्को’ या संघटनेच्या पोषण-निकषांचा उल्लेख अनेक पिशव्यांवर असतो; ही संघटना स्वतः कोणतेही खाद्य तपासत नाही वा मंजूर करत नाही, पण तिच्या निकषांनुसार प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात पाणी वगळून किमान १८ टक्के प्रथिने असावी लागतात, आणि मध्यम किमतीची कित्येक खाद्ये हा निकष सहज पार करतात. घटकांच्या यादीत ‘ताजे चिकन’ पहिले दिसले म्हणून हुरळून जाऊ नये; यादी कच्च्या वजनानुसार लावलेली असते आणि ताज्या मांसात सुमारे ७० टक्के पाणी असते.

धान्यविरहित खाद्याचा आग्रह मात्र मुलाने सोडावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. माणसासोबत राहताना कुत्र्याने पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता कमावली आहे; लांडग्यापेक्षा त्याच्यात अमायलेज या पाचकद्रव्याच्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. अशा खाद्यात धान्याऐवजी वाटाणे आणि मसूर भरपूर असतात, आणि त्याचा हृदयाचे स्नायू कमजोर होण्याच्या विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली जाहीर केली होती. कार्यकारण सिद्ध झाले नाही. परंतु राणीला धान्य बाधत नसताना ही शंका पैसे देऊन घरात आणण्याचे कारणही दिसत नाही.

महाग खाद्याचे काही फायदे खरे आहेत. ते उत्तम पचत असेल, तर शी कमी आणि घट्ट होते. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियमचे प्रमाण काटेकोर असलेले खाद्य लागते, आणि मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांनी सांगितलेले विशेष खाद्य महाग असले तरी टाळू नये. राणीची गरज यांत बसत नाही.

तिची खरी अडचण दोन पोळ्यांत आहे. दुधासह त्यांतून अडीचशे ते तीनशे किलोकॅलरी जातात, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या सुमारे चाळीस टक्के किंवा अधिक. वरचे खाणे दहा टक्क्यांच्या आत असावे. एका खाद्यकंपनीनेच ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर चौदा वर्षे केलेल्या अभ्यासात, जोडीतल्या भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री सरासरी सुमारे पावणेदोन वर्षे जास्त जगली. किती खाऊ घालतो, यावर आयुष्य असे अवलंबून असते. म्हणून आधी दोनशे-तीनशे रुपयांचा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा. राणीच्या बरगड्यांवरून बोटे फिरवून पाहावीत. तळहाताच्या मागच्या बाजूला हाडे जाणवतात तशी त्या सहज जाणवायला हव्यात. परळचे बैलघोडा हॉस्पिटल आपल्याला जवळ आहे. तिथे किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला वजन करून घ्यावे.

स्वस्त पडते म्हणून मोठी पिशवी पावसाळ्यात घेऊ नये. जुलैमधल्या मुंबईच्या दमट हवेत उघड्या पिशवीतले दाणे मऊ पडतात, त्यांतली चरबी खवट होते आणि खवट तेलासारखा वास येऊ लागतो. महिन्याभरात संपेल एवढीच पिशवी आणावी, खाद्य तिच्यातच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करावी. खाद्य बदलायचेच ठरले, तर जुन्यात नवे मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावे.

सासऱ्यांच्या हातचा घास मात्र बंद करू नये. सकाळी दिवसाचे खाद्य मोजताना त्यातला तिसरा हिस्सा एका वाटीत त्यांच्यासाठी वेगळा काढावा, आणि संध्याकाळी पोळ्यांऐवजी तो त्यांनीच तिला भरवावा.