प्रभूची प्रार्थना म्हणताना ते उठून जातात

मावशी, सलाम. आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे, 15 वर्षं चिंचवडला आहोत. मिस्टरांची चाकणची नोकरी नऊ महिन्यांपूर्वी गेली. रात्री साडेआठची कौटुंबिक प्रार्थना माझ्या लग्नापासून कधी चुकली नाही, पण हल्ली ती वेळ जवळ आली की पोटात गोळा येतो. सासूबाई डोळे मिटून एकेकाची उणीदुणी प्रभूला सांगतात. बारावीतला मुलगा मोबाइल घेऊन आतल्या खोलीत बसतो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मिस्टर अर्ध्यातून उठून गॅलरीत जातात. त्यांना रात्र रात्र झोप नाही, जेवण कमी झालंय. पतसंस्थेचं कर्ज काढलंय, ते सासूबाईंना माहीत नाही. नात्यातल्या एक बाई म्हणतात, तुमचा विश्वास कमी पडतोय, घरावर शाप आहे, सात शुक्रवार उपास करा. आम्ही ही प्रार्थना बंदच करावी का?
— एक सून, चिंचवड

बाळ, सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एका जागी अडकले. मिस्टर अर्ध्यातून उठतात म्हणतेस, पण नेमके कुठल्या ओळीला ते लिहिलं नाहीस. आज लक्ष ठेव. आपल्या मराठी बायबलात मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली ही प्रार्थना सरळ कर्जाच्या भाषेत बोलते: 'आमची ऋणे आम्हांस सोड.' ते पापांबद्दल आहे असं आपण शब्बाथशाळेत शिकलो, आणि ते आहेच. पण ज्याला हप्त्याची तारीख झोपेतही आठवते, त्याच्या कानाला तो शब्द कसा लागत असेल? त्याच्या आधीची ओळ रोजच्या भाकरीची. नऊ महिने पगार नाही, समोर आई बसलेली, आणि ही ओळ मोठ्याने म्हणायची. मी असते तर मीही गॅलरीत गेले असते.

देवाला कर्ज ठाऊक आहे, आईला नाही, आणि तुम्ही रोज रात्री दोघांसमोर एकाच वेळी बसता. तुमच्या प्रार्थनेचं तिथेच अडलंय असं मला वाटतं.

तेव्हा आधी सासूबाईंना सांगा. मिस्टरांनी स्वतः सांगायचं, तू शेजारी बस. दुपारच्या चहाला, मुलगा क्लासला गेलेला असताना. किती घेतलं, किती फिटलं, हप्ता किती, हे कागदावर लिहून न्या, कारण रक्कम कळली नाही की म्हातारं माणूस तिच्या दहापट धरून चालतं. फक्त ही बातमी प्रार्थनेत फोडू नका. 'प्रभू, आमच्या डोक्यावरचं ओझं तू जाणतोस' असं डोळे मिटून कळवायचं आणि आमेन म्हणून मोकळं व्हायचं, हा पळपुटेपणा. त्या रडतील, दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. पण श्रीरामपूरकडच्या, त्या वयाच्या बाईने 72 चा दुष्काळ बघितला असणार. पतसंस्थेच्या हप्त्याने त्या मोडून पडतील, असं मला नाही वाटत.

आता त्यांच्या उणीदुणीचं. हे आपल्या ख्रिस्ती घरांतलं जुनं दुखणं आहे, उगाच लपवू नये. माझी आई गुडघ्यावर बसून म्हणायची, 'प्रभू, धाकटीला भांडी वेळेवर घासायची बुद्धी दे.' धाकटी मी. देवाच्या आडून बोललेल्याला उत्तर देता येत नाही, म्हणून ते जास्त झोंबतं. सासूबाईंना 'असं करू नका' म्हणून सांगायला जाऊ नकोस, ते उलटेल. पद्धत बदल. प्रार्थनेआधी प्रत्येकाने शेजारच्याला एवढंच विचारायचं: 'तुझ्यासाठी काय मागू?' आणि जे सांगितलं तेवढंच मागायचं. सुरुवात तू सासूबाईंपासून कर. 'आई, तुमच्यासाठी काय मागू?' बघ काय म्हणतात. गुडघे म्हणतील, किंवा मुलाचं नाव घेतील आणि गप्प होतील. वचन निवडायचं आणि शेवटचा आशीर्वाद म्हणायचा मान त्यांच्याकडेच ठेव.

मुलाने 'काही नको' म्हटलं तर त्याच्यासाठी काही मागायचं नाही. सुबुद्धीसुद्धा नाही! त्याला ओढून आणू नकोस. गेथशेमाने बागेत येशूने तिघा जवळच्या शिष्यांना जागं राहायला सांगितलं, स्वतःचा जीव कासावीस झालेला असताना, आणि ते तिघे झोपले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. येशूला वाईट वाटलं, तसं तो बोललाही, पण म्हणून त्यांना टाकलं नाही. तुझा मुलगा निदान पलीकडच्या खोलीत जागा आहे आणि भिंतीतून सगळं ऐकतोय. शिवाय आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तिथवर यायला पुढे काही वर्षं लागली, त्याही आपल्या पायांनी चालत आल्या. त्याच टिळकांची ओवी-अभंगाच्या वळणाची गायनं तुमच्या घरात सगळ्यांना पाठ असणार. मुलगा काही वाजवत असेल, पेटी, ढोलकी, नाहीतर नुसता टेबलावर ठेका, तर त्याला एका गायनापुरता बोलाव. गायन संपलं की त्याने उठून जायचं असेल तर जाऊ दे.

मिस्टरांच्या झोपेचं मात्र प्रार्थनेवर सोडू नकोस. इतके दिवस झोप नाही, अन्न जात नाही, हे डॉक्टरांना दाखवायचं दुखणं आहे. याच आठवड्यात घेऊन जा. ते तयार नसतील तर 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, आधी तूच फोन कर. जीव नकोसा झाल्याची भाषा कधी निघाली, तर आठवड्याचीही वाट बघू नकोस. कुणी 'विश्वासणाऱ्याला डॉक्टर कशाला' म्हणालं तर त्याला एलीया वाचायला सांग. जीव नको झाला म्हणून झुडपाखाली आडवा झालेला संदेष्टा, आणि देवदूत त्याला उपदेश करत बसला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा ठेवला, ऊठ, खा म्हणाला. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने ती झोपही मोडली नाही, नंतर येऊन परत जेवायला उठवलं.

त्या शाप सांगणाऱ्या बाईंबद्दल माझं मत कडक आहे. बायबलातल्या, संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. बाईंना चहा दे, हातात काही काम दे. उपास करायचा तर आपल्या मनाने करा, कुणी भीती घातली म्हणून नको, आणि मिस्टरांना तर मुळीच नको, त्यांचं आधीच पोट भरत नाही.

बंद करायची का, हे विचारलंस. बंद करू नका, लहान करा. एक गायन, एक छोटं वचन, काय मागू ते विचारणं, मागणं. दहा मिनिटांत चटई गुंडाळायची. महिनाभर आभाराची लांब भाषणं नकोत. 13वं स्तोत्र घ्या, सहाच वचनं आहेत, सुरुवातच 'कोठवर' अशा तक्रारीने होते. पुढे कधी 88वं. ते अंधारातच संपतं, शेवटी कुणी दिवा लावत नाही, तरी ते शास्त्रात ठेवलंय. ही स्तोत्रं तू वाच, सासूबाईंना वाचायला देऊ नकोस, त्या मध्येच समजावून सांगायला लागतील.

आणि प्रभूची प्रार्थना तूर्त सगळ्यांनी मनातल्या मनात म्हणा. मिस्टर कुठल्या ओळीला थांबतात ते कुणी बघायला नको.

कर्जाचं सांगितलंत की मला कळव. सासूबाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिही.

तुझी,
मावशी