मित्राने दिलेली गोळी घेऊ का?

प्रश्न: डॉक्टर, वय 68, फोंड्याला असतो. बीपी, शुगर आहे, अँजिओप्लास्टी झालीय, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट खिशात असते. लिंगाला ताठरता येत नाही, म्हणून मित्राने सिल्डेनाफिल 100 मिग्रॅची (व्हायग्रातलं औषध) पट्टी दिलीय. घेऊ का? फॅमिली डॉक्टरना विचारायला लाज वाटते.

उत्तर: नाही काका, ती पट्टी मित्राला परत द्या. सॉर्बिट्रेट म्हणजे नायट्रेट, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, आणि नायट्रेट नि सिल्डेनाफिल एकत्र आले की बीपी इतकं खाली येऊ शकतं की माणूस जागीच कोसळतो, जिवावर बेततं. टाडालाफिल या त्याच कामाच्या दुसऱ्या गोळीचंही तेच, उलट त्याचा असर जास्त वेळ टिकतो. त्यात 100 म्हणजे सगळ्यात मोठा डोस, 65 च्या पुढच्यांना सहसा 25 पासून सुरू करतात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन वगैरे चालू असेल तर तेही सांगा, त्यानेसुद्धा बीपी उतरतं, आणि वर फेणीचे दोन पेग म्हणजे विचारूच नका.

लाजेचं म्हणाल तर डॉक्टरांना हे रोजचंच आहे. शुगरमुळे नसा नि रक्तवाहिन्या खराब होऊन ताठरतेचा हा त्रास होतो, कधी बीपीच्या गोळीमुळेही होतो, पण ती स्वतःहून बंद करू नका हां. आधी हार्टवाल्या डॉक्टरांना भेटा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) गेलात तरी चालेल, नायट्रेटची गरज अजून आहे का ते तेच ठरवतील. गोळी चालत नसेल तर व्हॅक्यूम पंपासारखे दुसरे उपाय आहेत.

आणि कोणीही ही गोळी घेतली नि छातीत दुखलं, तर सॉर्बिट्रेट न ठेवता सरळ 108 ला फोन, आणि गोळी घेतलीय हे पहिलं सांगायचं, घरचे समोर असले तरी.