कोलियससोबत एकाच कुंडीत लावलेलं सिल्व्हर फॉल्स हिरवट पडतंय, काय करू?

चंदेरी पानांचं लोंबतं झाड ते, ऊन कमी पडतंय त्याला, दुसरं काय. पण तुम्ही शेवटी लिहिलंय ना की सोसायटीतले काका म्हणतात जुन्या पानांवर भुरी (पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी) आहे, गंधक मारा, ते वाचून राहवलं नाही. अजिबात मारू नका!

आमचे मोठे दीर निफाडचे द्राक्षवाले. भुरी म्हटलं की त्यांची झोप उडते, बरोबरच आहे, घडांवर गेली की माल गेला. एप्रिलमध्ये पुण्याला आमच्याकडे आलेले, माझ्या मोठ्या कुंडीत मधे अँजेलोनिया, भोवती पोर्चुलाका आणि कठड्यावरून पार खालपर्यंत सुटलेलं सिल्व्हर फॉल्स. बघितल्या बघितल्या म्हणाले, अगं केवढी भुरी ही! मी सांगतेय भाऊजी ती पानंच तशी असतात, तर नुसते हसले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले आणि भाऊजींनी कृषी केंद्रातून ८० टक्केवालं गंधक आणून भर दुपारी फवारलं. पारा ३५ च्या वर असताना गंधक मारलं की पानं करपतात हे मला त्यांनीच शिकवलेलं! करपलीच. आणि अजून कुठल्याही लग्नात भेटले की चारचौघांत सांगतात, रोगच होता, औषधाला उशीर झाला.

अहो, पान बोटाने घासून बघा ना. भुरी डागाडागाने येते आणि पावडर बोटाला लागते. सिल्व्हर फॉल्सचा रंग बारीक लवेचा, अख्ख्या पानावर सारखा, पुसला जात नाही. टेक्सास-मेक्सिकोकडच्या कोरड्या भागातलं झाड ते, कडक उन्हासाठीच ती लव असते, सावलीत ठेवलं की हिरवट होणारच.

कोलियस मात्र काढा तिथून. त्याला रोज पाणी लागतं, सिल्व्हर फॉल्सची तेवढ्याने मुळं कुजतात. पोर्चुलाका, सदाफुली लावा. चार-पाच तास ऊन येतच नसेल तर सिल्व्हर फॉल्सचा नाद सोडा, झेब्रिना लोंबवा, चंदेरी पट्टे मिळतील, पूर्ण चंदेरी नाही. मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यात पत्र्याखाली घ्या, नाहीतर मधूनच सडतं.

हां, कुंडीत झिनिया असेल तर तिच्यावर खरी भुरी येते. तेव्हा मारा गंधक, पण सकाळी लवकर, आणि सिल्व्हर फॉल्सवर पेपर झाकून.